घरची शाळा आणि आमचा बुधवार
(मंदिराच्या सभागृहात ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)

विश्वस्तांनी मला गुडघेदुखीवर बोलायला सांगितलं होतं. गुडघे आपले सगळ्यांचेच दुखतात, त्यात नवीन काय सांगणार? म्हणून आज घरची गोष्ट सांगतो. लेकीची परवानगी घेतली आहे, काळजी नसावी.

तीन वर्षांपूर्वी माझा नातू दुसरीत होता. सकाळी बूट घालायची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखायचं, उलटी व्हायची. शनिवार-रविवारी मात्र पोट ठणठणीत. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शाळेशी वर्षभर बोलणी झाली. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, मी त्याला घरीच शिकवणार." मी म्हणालो, "नोकरी सोडून? आणि लोक विचारतील त्यांना काय सांगायचं?" डॉक्टर माणूस, पण पहिली काळजी लोकांची. आज ते आठवलं की लाज वाटते.

इथे हे कायदेशीर आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. न्यू साउथ वेल्समध्ये नेसा या सरकारी संस्थेकडे नोंदणी करावी लागते. वर्षभरात काय आणि कसं शिकवणार याचा आराखडा द्यायचा, मग त्यांची अधिकृत व्यक्ती येऊन बघून जाते. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांची. आमच्याकडे त्या बाई आल्या तेव्हा आमच्या हिने पोहे करून ठेवले होते. त्या बिचाऱ्या नुसतं पाणी प्यायल्या, पण दोन तास वह्या बघत बसल्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरून शिकणाऱ्या मुलाला एचएससीचं प्रमाणपत्र मिळत नाही. पुढे टेफ किंवा परत शाळा, असा काही रस्ता शोधावा लागतो. म्हणून सगळ्यांनी मुलं शाळेतून काढावीत असं मी म्हणत नाही.

तसं घरून शिकणं या देशाला नवं नाही. 1951 साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जला फ्लाइंग डॉक्टरांच्या रेडिओवरून दूरवरच्या गुरांच्या स्टेशनांवरल्या मुलांचे वर्ग सुरू झाले. आमच्या व्यवसायाचा रेडिओ शाळेच्या कामी आला, याचं मला फार कौतुक वाटतं. आणि आपल्याकडे? पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि पुढे त्या माउलीने लेकीला शिकवलं. कधी? पहाटे, घरकामाला लागण्यापूर्वी. नाव शास्त्रीबुवांचं झालं, झोप मोडली लक्ष्मीबाईंची.

आता आमच्या घरी या. पहिले दोन-तीन महिने नातू काहीच करेना. मग एके दिवशी मी त्याला नाडी मोजायला शिकवलं. पंधरा सेकंदांचे ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं. जिना चढण्यापूर्वी, चढल्यावर, आजीची, शेजाऱ्यांची, सगळ्यांची नाडी मोजून झाली. चारचा पाढा त्याने असा पाठ केला. वहीत आलेख काढला. त्यात माझा आकडा सगळ्यात वाईट होता. गेल्या वर्षी सातवीतली नातही घरी राहिली. ती आजीबरोबर भाजी आणायला जाते, हिशेब ठेवते आणि आजीचे जुने दिवाळी अंक अडखळत वाचते.

हे सगळं छान चाललं होतं, असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी ही मला म्हणाली, "अहो, ती बाजारातून आली तरी गाडीतच बसून राहते. दिवा बंद करून." मला वाटलं फोनवर बोलत असेल. बाहेर जाऊन काचेवर टकटक केलं. फोन पर्समध्ये होता. ती म्हणाली, "बाबा, इथे कोणी 'आई' अशी हाक मारत नाही. दहा मिनिटं बसू दे."

चाळीस वर्षं समोर आलेल्या प्रत्येक बाईला मी विचारलं, झोप लागते का? भूक आहे का? घरच्या मुलीला एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या जीपीने रक्त तपासलं, लोह पार तळाला गेलेलं. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सातवीतल्या मुलांना शाळेत एचपीव्हीची आणि धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची लस देतात. नात शाळेत नाही, म्हणून तिची राहून गेली होती. घरात डॉक्टर असून! ती जीपीकडे फुकट मिळते. तुमच्याकडे कोणी मूल घरी शिकत असेल तर आजच विचारा. दहावीच्या वयाला मेनिंगोकॉकलची असते, तीही.

तेव्हापासून बुधवार आमचा. नऊ ते तीन मुलं आमच्याकडे. पहिल्या बुधवारी मी फळा आणला, भूगोल सुरू केला, आणि अर्ध्या तासात दोघंही मागच्या अंगणात पळाली. लेक त्या दिवशी घरी जाऊन नुसती झोपली. तिसऱ्या आठवड्यात तिने पोहायला जायला सुरुवात केली. जावई शनिवारी सकाळी स्वयंपाकघर बघतो. हे आधीच व्हायला हवं होतं, पण ती मागत नव्हती आणि आम्ही विचारत नव्हतो.

आपल्या परिसरात अशी आणखी काही मराठी कुटुंबं आहेत. बहुतेक घरांत एकच पगार, आणि आजी-आजोबा पुण्या-नाशकात. विश्वस्तांनी बुधवारी सकाळी दहा ते एक वाचनालयाची खोली या मुलांसाठी द्यायचं मान्य केलं आहे. माणसं हवीत. शिकवता आलं पाहिजे असं नाही. कोणी शिवण दाखवा, कोणी सायकलची चेन बसवून दाखवा, कोणी नुसतं ऐकत बसा. मात्र प्रत्येकाला वर्किंग विथ चिल्ड्रन चेक काढावाच लागेल. स्वयंसेवकांना तो फुकट असतो. फॉर्म भरायला अडचण आली तर माझा नातू मदत करेल, त्याला फॉर्म भरायला आवडतात.

पुस्तकं, भिंग, वजनकाटा आणि एका आईच्या जलतरण तलावाच्या फीसाठी मदतपेटी दाराशी ठेवली आहे. पावती मिळेल. नावं महाप्रसादानंतर चपलांच्या रॅकजवळच्या टेबलावर द्या. मी तिथेच बसलेला असेन, गुडघ्यांबद्दलही तिथेच विचारा.