प्रतिकृतीसाठी कागदाची निवड



मुलांनी हौसेने उभारलेला पुठ्ठ्याचा किल्ला पावसाळ्यात वाकतो, बुरुजाला वेड्यावाकड्या घड्या पडतात, आणि मुलाची समजूत होते की आपल्या हातांत कसब नाही. वस्तुतः दोष बहुधा कागदाचा असतो. योग्य कागद निवडून देणे हे शिक्षकाचे काम होय.

यंत्रावर तयार झालेल्या कागदातील बहुतेक तंतू एकाच दिशेने पसरलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी सुबक पडते. आडवी घडी तडकते. म्हणून पुठ्ठा कापण्यापूर्वी तो दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. सहज पडणारे वळण बुरुजाच्या उंचीशी समांतर ठेवावे.

खळ लावली की तंतू ओल शोषून फुगतात व वाळताना आकसतात. एकाच बाजूस कागद चिकटविल्यास पुठ्ठा वाकतो. तेव्हा दुसऱ्या बाजूसही तसाच कागद चिकटवून तो वजनाखाली वाळवावा.

जाडीचा संबंध प्रमाणाशी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा सामान्यतः २० मीटरच्या अंतराने असतात. नकाशा पाचपट मोठा केल्यास प्रमाण १:१०,००० होते आणि २० मीटर म्हणजे २ मिलिमीटर. प्रत्येक रेषेस २ मिलिमीटर जाडीचा एक थर द्यावा. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे; तो ४१ थरांत, म्हणजे ८.२ सेंटिमीटरांत बसेल. ४ मिलिमीटरचा पुठ्ठा घेतल्यास डोंगराची उंची दुप्पट होईल व मूल तीच खरी मानील. उंची मुद्दाम वाढविली असल्यास तसे प्रतिकृतीवर लिहावे.

डोंगराच्या उतारांसाठी वर्तमानपत्राच्या कागदाचा लगदा उत्तम. मात्र तो कागद उन्हाने पिवळा पडतो, म्हणून वर पांढरा कागद लावावा. घरांच्या भिंतींस जुन्या लग्नपत्रिकांचा ताठ कागद चालतो; परंतु तकतकीत पत्रिका टाळावी, तिच्यावर पाण्याचा रंग धरत नाही. झाडांच्या पानांस पतंगाचा कागद पुरे.

यांपैकी बहुतेक सामग्री गावातच मिळते. ती पारखून मुलांच्या हाती दिल्यास बुरूज उभा राहील, आणि त्याबरोबर मुलाचा आपल्या हातांवरील विश्वासही.