महापौरांच्या शब्दाचा हिशेब
(वसई-विरार येथील कामगार सभेतील भाषण)



आम्ही गिरणीत पाळीवर उभी राहणारी माणसं. चार बुकं शिकलो, पुढं शाळा नाही. पण हिशेब आम्हांला कळतो. पगारात एक दिवस कमी लागला, तर आम्ही खात्यात जाऊन विचारतो, हा दिवस गेला कुठं? आज तोच हिशेब महापौरांच्या शब्दाला लावायचा आहे.

महापौर म्हणजे शहराचा पहिला नागरिक. तो कोणत्याही पक्षाचा असो, त्या खुर्चीवरून “बाहेरून आलेल्या लोकांनी शहर बिघडवलं” असं वाक्य निघालं, की ते वाऱ्यावर जात नाही. ते नाक्यावर मजुरांच्या गर्दीत उतरतं, भाड्याच्या खोलीचं दार ठोठावतं. म्हणून अशा शब्दाचा जाब विचारणं हे जनतेचं काम आहे.

जाब विचारायची रीत आपल्या बापजाद्यांनी घालून दिली आहे. मुंबई कुणाची, या वादात २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर स. का. पाटील बोलायला उभे राहिले. तीन वेळा मुंबईचे महापौर झालेला हा माणूस. मूळचे कोकणातले, म्हणजे मुंबईत आलेलेच! पाच हजार वर्षांतही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं ते बोलल्याचं आजही घरोघरी सांगतात. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १५ माणसं पडली.

लोकांनी तो शब्द मनात कोरून ठेवला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. पाच हजार वर्षांचा वायदा साडेचार वर्षांत मोडला! पाटील मात्र १९५७ ला निवडून आले, १९६२ लाही आले. १९६७ साली दक्षिण मुंबईत ते पडले. पाडणारा कोण? जॉर्ज फर्नांडिस, मंगळूरहून पोटासाठी मुंबईत आलेला कामगारांचा पुढारी. एका वाक्यानं निवडणूक फिरली, असं आम्ही म्हणत नाही. पण बारा वर्षांनीही तो शब्द कुणी विसरलं नव्हतं, एवढं खरं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या १०६ हुतात्म्यांची यादी वाचा. त्यांत चिमणलाल शेठ आहेत, के. जे. झेवियर आहेत, पी. एस. जॉन आहेत, वेदीसिंग आहेत. महाराष्ट्रासाठी सांडलेल्या रक्ताला कुणी गाव विचारलं नाही. मग त्याच महाराष्ट्राच्या नावानं आज गरिबाला गाव विचारून हाकलायचं, हे कुठलं शहाणपण?

आता आपल्या वसई-विरारकडे या. इथले कोळी, वाडवळ, सामवेदी, आदिवासी हे जुने रहिवासी. बाकी आपण सगळे लोकलनं आलेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढं गिरण्या बुडाल्या, चाळी गेल्या, आणि कितीतरी कुटुंबं लालबाग-परळ सोडून नालासोपारा-विरारला आली. त्याआधी आपले आजे कोकणातून, घाटावरून मुंबईला आले होते. बाहेरचा हा शब्द उच्चारताना आपली मागची वाट जरा बघावी.

शब्दानं काय होतं, ते खाडीपलीकडे दिसलं. २०२५ च्या जूनमध्ये मीरा रोडहून पश्चिम बंगालचे मजूर पकडले गेले. परदेशी ठरवून त्यांना सीमेपार ढकललं. मागाहून कळलं, ही तर भारताचीच माणसं, आणि त्यांना परत आणावं लागलं. संशयाची हवा तापली, की पुरावा मागं राहतो. ती हवा तापवणाऱ्या पुढाऱ्याला मात्र कुणी सीमा दाखवत नाही.

कुणी चोरून देशात शिरला असेल, तर त्याला कायदा आहे, कोर्ट आहे. त्याच्या आड आम्ही येत नाही. पण नागरिक कोण, हे ठरवणं केंद्र सरकारच्या कायद्याचं काम. महापौराकडे पोलीस नाहीत. महापालिकेचा कारभार आयुक्ताच्या हाती. महापौर सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष, तोही अडीच वर्षांचा. गिरणीच्या भाषेत म्हणजे बदलीवालाच! मग “आम्ही हाकलून देऊ” म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या कलमाखाली?

खोट्या जन्मदाखल्यांची ओरड झाली, तर विचारा, शहरातल्या जन्माची नोंद कुठल्या कचेरीत होते? महापालिकेच्याच ना? मग बोट आधी आपल्या कचेरीकडे वळवा.

२६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसं गेली. ती अनधिकृत इमारत उभी राहताना कुणी डोळे मिटले? त्याच वर्षाच्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात राखीव जागेवरच्या ४१ इमारती पाडल्या. माणसं सामानासकट रस्त्यावर आली. त्या इमारती विकल्या कुणी? फेरीवाल्या भय्यानं? वीट उचलणाऱ्या बंगाल्यानं? “बाहेरचे आले” हे या प्रश्नांचं उत्तर नव्हे. ती प्रश्नावर टाकलेली गोधडी आहे.

आम्ही मराठीचे कट्टर आहोत. कचेरीत मराठी पाहिजे, कारखान्यात भूमिपुत्राला काम पाहिजे. पण ही मागणी मालकाकडे आणि सरकारकडे. कंत्राटदार परगावच्या मजुराला अर्ध्या पैशांत राबवतो, आणि त्याच अर्ध्या पैशांचा धाक आपल्याला घालतो. दोघांची मजुरी एक झाली, की त्याचा डाव संपला.

२०२० च्या जूनपासून साडेपाच वर्षं इथं प्रशासक होता. विचारायला नगरसेवकच नव्हता. १५ जानेवारी २०२६ ला आपण मतं दिली. आता विचारायला माणूस आहे, तर विचारा. महापौर लोकांविषयी असं काही बोलले, की आपल्या नगरसेवकाकडून सर्वसाधारण सभेत चार प्रश्न घाला. आकडा कुठल्या कागदावरून घेतला? अधिकार कोणत्या कायद्यानं? महापालिकेनं स्वतःचं काम काय केलं? आणि बोल खोटा ठरला, तर त्याच सभेत मागं घेणार का? उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. एका बिडीबंडलाच्या पैशांत महापालिकेला लेखी बोलायला लावता येतं!

मित्रहो, गेटवर मालक जे बोलतो, ते आम्ही तारीख घालून वहीत लिहून ठेवतो. आजपासून त्या वहीत एक पान महापौरांच्या नावाचं उघडा. मत मागायला ते दारात येतील, तेव्हा ते पान वाचून दाखवा.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!