मेणवलीचा वाडा

वाई गावापासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली आहे. पेशवाईतले मुत्सद्दी बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस, यांना हे गाव १७६८ मध्ये इनाम मिळालं. पुढे त्यांनी इथे नदीवर घाट, देवळं आणि सहा चौकांचा वाडा बांधला.

वाड्याच्या भिंती जाडजूड, खांब-तुळया लाकडाच्या. काही भिंतींवर त्या काळची रंगीत चित्रं अजून दिसतात. मागच्या दारानं उतरलं की थेट घाट. तिथे मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी मंडपात पंचधातूची भलीमोठी घंटा टांगली आहे. जवळ जाऊन पाहा: तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल कोरलेलं आहे. मराठा सेनानी चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकी ही एक.

१८०० मध्ये नाना वारले. पेशवा दुसऱ्या बाजीरावानं त्यांची मालमत्ता जप्त केली; १८०४ मध्ये इंग्रजांच्या मध्यस्थीनं मेणवली नानांच्या पत्नी जिऊबाईंना परत मिळाली. इथली कागदपत्रं ‘मेणवली दप्तर’ म्हणून प्रसिद्ध आहेत; मराठेशाहीच्या अभ्यासकांना त्यांचा मोठा आधार आहे.

मंडळी, वाईला गेलात तर मेणवलीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. भिंतींवरच्या चित्रांना हात लावू नका, घाटावर कचरा टाकू नका आणि मुलांना ती घंटा आवर्जून दाखवा.