संशोधनासाठीं अर्ज करतांना

इ. स. १९३३ सालची गोष्ट. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत या तरुणीनें बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें संशोधनासाठीं अर्ज केला. तो नाकारण्यांत आला. गुणांत कांहीं उणें नव्हतें. अर्ज करणारी स्त्री होती, एवढेंच कारण. पण त्या मुकाट्यानें परतल्या नाहींत. संचालक सर सी. व्ही. रामन यांच्यापुढें उभें राहून त्यांनीं नकाराचें कारण विचारलें, आणि अखेर एक वर्षाच्या परीक्षणाच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. वर्षभर त्यांचें काम पाहिल्यावर मत पालटलें. पुढें शिष्यवृत्ति मिळवून त्या केंब्रिजला गेल्या, आणि वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर अवघ्या ४० पृष्ठांचा प्रबंध लिहून त्यांनीं १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. याच आपल्या कमलाबाई सोहोनी.

या गोष्टींतलें एक मर्म आजहि तितकेंच खरें आहे. संशोधनाचें दार गुणपत्रिकेनें किलकिलें होतें. तें पुरतें उघडतें तें केलेल्या कामानें.

दरवर्षीं एम. एस्सी. चे निकाल लागले, कीं कित्येक घरांतून तेच दोन प्रश्न ऐकूं येतात. “आणखी पांच वर्षें शिकणार?” आणि “खर्च कोण करणार?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचें उत्तर सोपें असल्यानें तें आधीं देतों.

जीवशास्त्रांत पीएच्. डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा भार घरावर पडावाच असें नाहीं. ‘नेट’ या राष्ट्रीय परीक्षेंतून जे. आर. एफ. मिळालेल्या विद्यार्थ्यास, १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरानें, पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये ठरलेले आहेत. त्यानंतर कामाचें मूल्यमापन होऊन बढती मिळाली, कीं दरमहा ४२,०००. वसतिगृहांत जागा नसेल तर घरभाडें निराळें. मुदत एकंदर ५ वर्षांची. ही कोणाची देणगी नव्हे. तो कामाचा मोबदला आहे. मात्र पहिला हप्ता हातीं पडण्यास कधीं कधीं महिने लागतात. तेवढ्या काळाची तजवीज घरांत आधींच करून ठेवावी.

ही वृत्ति मिळविण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली राष्ट्रीय परीक्षांची. सी. एस. आय. आर. ची नेट वर्षांतून दोनदां होते. तिच्या जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेंत तिसऱ्या भागांतील ७५ प्रश्नांपैकीं २५ च सोडवावयाचे असतात, पण खरी कसोटी तेथेंच लागते. कारण तेथें पाठांतरापेक्षां प्रयोगाचा अर्थ लावण्याची शक्ति पाहिली जाते. जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बेट’ ही परीक्षाहि याच जातीची. या वाटेनें जाणारे पुष्कळ विद्यार्थी एका ठिकाणीं फसतात. शिष्यवृत्ति मिळाली म्हणजे प्रवेश मिळाला, अशी त्यांची समजूत होते. वस्तुतः हातीं येतें तें केवळ वृत्तीचें पत्र, आणि त्यालाहि मुदत असते. संस्था आणि मार्गदर्शक आपले आपणच शोधावयाचे असतात. दुसरी वाट संस्थांच्या स्वतःच्या निवडीची. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, तिचेंच बंगळूर येथील जीवशास्त्र केंद्र, पुण्याची आयसर अशा संस्था मुलाखत घेऊन विद्यार्थी निवडतात. या वाटेवर वृत्ति आणि जागा यांची सांगड संस्थाच घालून देते. शहाण्या विद्यार्थ्यानें दोन्ही वाटा धराव्या.

परदेशाविषयींहि दोन शब्द. अमेरिकेंत बहुधा एका प्राध्यापकाकडे नव्हे, तर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाकडे अर्ज करतात; शुल्क आणि निर्वाहवेतन यांची सोय तेथूनच होते. पहिल्या वर्षीं दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काम करून मग मार्गदर्शक ठरतो. पुष्कळ अर्जांची मुदत डिसेंबराच्या आरंभीं संपते आणि प्रवेश असतो पुढच्या ऑगस्टांतला. म्हणून तयारी वर्षभर आधीं हवी. जर्मनींत तर पुष्कळदां पीएच्. डी. ची जागा ही नोकरीच्या कराराचीच असते.

आतां प्रत्यक्ष अर्जाविषयीं. “मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे,” या वाक्यानें आरंभ होणारे अर्ज इतके येतात, कीं वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाते. कांहीं वर्षांपूर्वीं मी एका निवडसमितीवर होतों. एका लहान गांवांतील महाविद्यालयाच्या मुलीचा अर्ज आमच्यापुढें आला. मातींतील जिवाणूंपासून एक एन्झाइम वेगळें करावयाचें तिनें योजिलें होतें, आणि चार महिने तें हातीं लागलेंच नाहीं! अर्जांत तिनें हें अपयश झांकलें नव्हतें. जिवाणू बदलून पाहिले, रसायनें बदलून पाहिलीं, आणि शेवटीं आम्लता मोजणारें यंत्रच चुकीचा आंकडा दाखवीत होतें असें कसें ध्यानांत आलें, हें तिनें क्रमानें लिहिलें होतें. त्याच दिवशीं दुसऱ्या एका उमेदवारानें डझनभर आधुनिक तंत्रांचीं नांवें सांगितलीं. पण त्यांपैकीं एकाहि प्रयोगांत तुलनेसाठीं काय ठेवलें होतें, हें त्याला सांगतां येईना. निवड कोणाची झाली, हें सांगावयास नको.

तेव्हां अर्जांत आवड सांगूं नये, प्रश्न सांगावा. काय शोधूं पाहिलें, काय हातीं लागलें, काय चुकलें आणि पुढें काय करून पाहाल, एवढें चार परिच्छेदांत यावें. शिफारसपत्रहि मोठ्या नांवाच्या माणसापेक्षां, ज्यानें तुमच्या हातचें काम रोज पाहिलें आहे, त्याचें घ्यावें. मुलाखतींत एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर “ठाऊक नाहीं, पण अशा रीतीनें शोधून काढीन,” हें उत्तर उणेपणाचें मानूं नये.

परीक्षा एकट्या विद्यार्थ्याचीच नसते. पुढचीं पांच-सहा वर्षें ज्याच्या हाताखालीं काढावयाचीं, त्या मार्गदर्शकाचीहि पारख करावी. त्याच्या पूर्वींच्या विद्यार्थ्यांना किती वर्षें लागलीं, ते आज कोठें आहेत, त्यांचीं नांवें शोधनिबंधांवर येतात कीं नाहीं, हें त्याच्याच प्रयोगशाळेंतील मुलांना एकांतांत विचारावें. संस्थेच्या कीर्तीला भुलून हें न विचारणाऱ्यांनीं मागाहून पुष्कळ सोसलें आहे.

राहिला पहिला प्रश्न, वर्षांचा. त्याचें उत्तर घरच्या वडील माणसांनींच द्यावयाचें आहे. पीएच्. डी. झाल्यावर नोकरी ठेवलेलीच असते, असें खोटें आश्वासन मी देणार नाहीं. ज्याला प्रश्नाचा ध्यास नाहीं, त्यानें केवळ वेळ काढण्यासाठीं या वाटेस जाऊं नये. पण ज्याला तो आहे, त्या मुलाला, विशेषतः मुलीला, लग्नाचें वय किंवा शेजाऱ्याच्या मुलाचा पगार दाखवून अडवूं नये. संस्थांच्या दारावरची ती जुनी पाटी आतां उतरली आहे. ती आपल्या घराच्या दारावर राहूं नये.

आणि पहिल्या वर्षीं नकार आला तर? कमलाबाईंनीं केलें तेंच करावें: कारण विचारावें, आणि पुढचें उत्तर कामानें द्यावें.