शेवटच्या नळाचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



नळयोजना कागदावर कधी कोरडी पडत नाही. कारण बहुतेक आराखड्यांत संगणकाला आधीच सांगून ठेवलेले असते, की माणशी रोज ५५ लिटर पाणी निघालेच! मग दाब पुरो न पुरो, गणित पाणी वाटून मोकळे होते आणि शेवटच्या नळाशी दाब शून्याच्याही खाली दाखवते. खरा नळ असा उधारीवर चालत नाही. दाब चौथ्या हिश्शावर आला की पाणी निम्म्यावर येते. दाब संपला की थेंबही नाही. टाकीजवळच्या आळीत मात्र पाणी वाहून जाते. आणि चढावरची वस्ती तर दर दहा मीटरला एक किलो दाब गमावते.

दाब असेल तेवढेच पाणी धरायचे, हे गणित नागपूरच्या विश्वेश्वरय्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रा. भावे यांनी १९८१ सालीच मांडले. अमेरिकन सरकारच्या एपानेट प्रोग्राममध्ये ती सोय आली २०२० साली.

तेव्हा ग्रामसभेत योजना आली की विचारा: सगळे नळ एकदम सुटले तर शेवटच्या घरी दाब किती, पाणी किती? उत्तर लेखी घ्या. ते मिळेपर्यंत ठरावावर सही करू नका.