व्हिडिओ कुठे थांबवायचा?

रेडिओवर बसून व्हिडिओची बाजू मांडायची म्हणजे बैलगाडीवाल्यानं एसटीचं वेळापत्रक सांगण्यासारखं आहे. तरी सांगतो, कारण रेडिओकडूनच शिकण्यासारखी एक गोष्ट या विषयात आहे. ती पुढे येईलच. आधी धसईकडे जाऊ. मुरबाड तालुक्यातल्या या बाजाराच्या गावाचं नाव बाहेरच्या बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा ऐकलं ते १ डिसेंबर २०१६ ला. नोटाबंदीला अजून महिनाही झाला नव्हता आणि धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. मंत्री आले, दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली, फोटो निघाले. वर्षभरानं पत्रकार पुन्हा तिथे गेले, तेव्हा बऱ्याच व्यवहारांत रोख परतलेली होती. यंत्र वाईट नव्हतं. पण त्याला रेंज लागते, त्यावर आकार कापला जातो आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या खिशात कार्ड असावं लागतं, याचा हिशेब समारंभाच्या दिवशी कुणी मांडलेला नव्हता. याच मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात शाळांमध्येही पडदे आले, प्रोजेक्टर आले, टॅब आले. त्यांचंही तसंच होणार का? माझं म्हणणं असं, की पडद्यावरून मूल किती शिकतं हे पडद्याच्या आकारावर ठरत नाही आणि व्हिडिओच्या गुळगुळीतपणावर तर मुळीच ठरत नाही. तो व्हिडिओ कुणी, कुठे आणि काय विचारायला थांबवला यावर ते ठरतं.

या बाबतीत शहापूर तालुक्याला मान आहे. पाष्टेपाडा नावाचा एक आदिवासी पाडा, तिथली जिल्हा परिषदेची छोटी शाळा. २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत संदीप गुंड या शिक्षकांनी ती डिजिटल केली आणि राज्यभरातले शिक्षक ती बघायला पाड्यावर येऊ लागले. अशा संचाची करामत सोपी आहे. प्रोजेक्टर चित्र फळ्यावर टाकतो, पेनाच्या टोकाशी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो, तो संवेदकाला दिसतो, आणि पेन जिथे टेकेल तिथे संगणकाला माऊसची टिचकी मिळते. म्हणजे साधा फळा किंवा भिंतसुद्धा बोटाखालच्या पडद्यासारखी चालते. यातली खरी किमती बाब पेनाची नव्हे, पेन कुणाच्या हातात आहे ही होती. एरवी बाकावर हाताची घडी घालून बसणारं मूल उठून फळ्यापाशी जातं, चुकीच्या जागी टेकवतं, वर्ग हसतो, ते पुन्हा टेकवतं. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि त्या लाटेत गावोगाव लोकवर्गणी काढून शाळा डिजिटल झाल्या. ज्या पाड्यावर लग्नालाही उसनवारी करावी लागते, तिथल्या लोकांनी शाळेच्या पडद्यासाठी पैसे काढले, ही काही लहान गोष्ट नाही. पण मला वाटतं, वस्तू जेवढी पसरली तेवढी सवय पसरली नाही. पेन कपाटात गेलं आणि पडदा राहिला. मग पडद्यावर कविता लागते, मुलं ती पाहतात, आणि तासिका संपते.

नुसतं पाहण्यात वाईट काय, असं कुणी विचारेल. वाईट काही नाही. पण त्यातून फार काही शिकलं जात नाही, आणि हा माझा नुसता अंदाज नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक साधी तुलना प्रसिद्ध केली. वर्गात प्रयोग करून दाखवला. काही मुलांनी तो नुसता पाहिला. काहींना आधी विचारलं, ‘आता काय होईल?’ त्यांनी अंदाज केला, मग पाहिला. नुसत्या पाहणाऱ्यांची समज प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा फारशी पुढे गेलेली नव्हती. आधी अंदाज बांधणाऱ्यांची मात्र चांगलीच पुढे गेली. तिकडे सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी २००८ च्या आपल्या प्रबंधात हेच व्हिडिओच्या बाबतीत तपासलं. हेच गृहस्थ पुढे व्हेरिटासियम या यूट्यूब वाहिनीमुळे जगभर पोचले. त्यांना काय दिसलं? स्वच्छ, नीटस, मुद्देसूद समजावणारा व्हिडिओ मुलांना आवडतो, ‘छान कळलं’ असं ती सांगतात, आणि परीक्षेत जवळपास होती तिथेच राहतात. कारण आपल्या डोक्यात आधीपासून बसलेली चुकीची समजूतच व्हिडिओत सांगितली आहे असं त्यांना वाटतं. ज्या व्हिडिओत ती चूक आधी उघडपणे मांडली होती आणि मग तिची उलटतपासणी केली होती, तो मुलांना गोंधळाचा वाटला, पण शिकवून गेला. ‘समजलं’ हा शब्द वर्गात किती फसवा असतो हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

आता बालचित्रवाणी आठवा. १९८४ मध्ये पुण्यात ही संस्था उभी राहिली आणि दूरदर्शनवरून मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम देऊ लागली. २०१७ मध्ये ती बंद झाली. तिच्या कामाबद्दल आदरच आहे. पण त्या कार्यक्रमांची एक अडचण होती, आणि ती बनवणाऱ्यांच्या हातात नव्हती: ते थांबवता येत नसत. ठरल्या वेळी सुरू, ठरल्या वेळी संपले. तेवढ्यात लाइट गेली तर तो धडा गेला. आजचा व्हिडिओ थांबतो, मागे जातो, हळू चालतो, आवाज बंद करून दाखवता येतो. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. सोलापूरच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी तो प्रयोग आधी करून पाहिला होता. २०१७ पासून दीक्षा हे शासकीय व्यासपीठ आहे. साहित्याचा दुष्काळ संपला. चाळीस वर्षांत खरी नवी मिळालेली ताकद कोणती म्हणाल, तर ही थांबवण्याची. आणि नेमकी तीच आपण वापरत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. अरविंद गुप्ता यांचे टाकाऊतून खेळणी करायचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत, फुकट आहेत, आणि बहुतेक दोन-तीन मिनिटांत संपतात. त्यांतला एक आगपेटीच्या काड्यांचा. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घ्यायची, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि त्यांत दोन्ही बाजूंनी काड्या खोवायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण होतो, चारांचा चौकोन. आता इथे व्हिडिओ थांबवायचा. विचारायचं, दोन्ही दाबले तर काय होईल? मुलं हमखास सांगतात, दोन्ही वाकडे होतील, रबर आहे ना! मग काड्या हातात द्यायच्या. चौकोन दाबला की त्याचा शंकरपाळा होतो. त्रिकोण मात्र हटून बसतो. काडी मोडेल, पण आकार बदलणार नाही. का? चौकोनही हटून बसेल असं काय करता येईल? कुणीतरी आडवी तिरकी काडी टाकतंच. मग मान वर करून आपल्याच शाळेच्या छपराची कैची बघायची. कौलाखालचं लाकूड तिरकं का ठोकलंय हे सुतारानं कधी सांगितलेलं नसतं. तीन मिनिटांच्या व्हिडिओला चाळीस मिनिटं लागली आणि पडदा त्यातली पस्तीस मिनिटं स्थिर होता. ‘परस्परसंवादी तंत्रज्ञान’ हा जडजंबाल शब्द मी यालाच लावेन. त्या दिवशी रेंज नसती, तरी फोनमध्ये उतरवून ठेवलेल्या व्हिडिओवर भागलं असतं.

उलट अनुभवही जवळचाच आहे. मुरबाडच्या सीमेपलीकडे कर्जत तालुक्यात खैराट हे गाव आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी शाळेत झाला. हिरवे-पांढरे छोटे संगणक मुलांच्या हाती आले, आणि मुलं हरखली यात नवल नाही. हीच योजना पेरू देशानं फार मोठ्या प्रमाणावर राबवली. तिचं मोजमाप २०१२ मध्ये बाहेर आलं: संगणक मुलांपर्यंत पोचले होते, गणित आणि भाषेत मात्र फरक पडलेला नव्हता. पाकिस्तानच्या पंजाबात आठवीच्या वर्गांवर झालेला अभ्यास तर आणखी बोलका आहे. तिथे शिक्षकाच्या शिकवण्यात जोडून दिलेल्या छोट्या व्हिडिओंनी मुलांचे गुण वाढले. तेच साहित्य शिक्षकाला वगळून टॅबवर थेट मुलांना दिलं तेव्हा गुण घटले. व्हिडिओ तोच होता. मधला माणूस काढला, एवढाच फरक.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मधला माणूसच नसेल तर? पाड्यावरची शाळा द्विशिक्षकी. चार-पाच इयत्ता, दोन गुरुजी, त्यातले एक निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामाला. अशा शाळेला ‘व्हिडिओ थांबवून चर्चा घ्या’ हे सांगणं म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचे शिष्टाचार शिकवणं, असं कुणी म्हणालं तर मी ते हसण्यावारी नेणार नाही. इथेच रेडिओ कामाला येतो. १९७० च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वामध्ये रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रयोग झाला. कार्यक्रमातला आवाज प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचा. ती शांतता मुद्दाम मोजून ठेवलेली असे. वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा, मग आवाज बरोबर उत्तर सांगायचा. मुलं गणितात पुढे गेली, आणि खेड्यातल्या मुलांचं शहरातल्या मुलांशी असलेलं अंतर कमी झालं. म्हणजे थांबा बनवणाऱ्यानंच आत पेरून ठेवता येतो. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या संगणकप्रणालीचा अभ्यास झाला, तिथेही साडेचार महिन्यांत गणिताची आणि हिंदीची चांगली प्रगती दिसली. ती प्रणाली मुलाची इयत्ता बाजूला ठेवून त्याची पातळी बघते, आणि उत्तर चुकलं की पुढे जात नाही. तरी त्या केंद्रांत निम्मा वेळ माणूस छोट्या गटाला शिकवत होता, हे विसरू नये. एका गटाला असा थांबे पेरलेला धडा लावून गुरुजी दुसऱ्या इयत्तेकडे वळले, तर जोडवर्गात ते सोयीचंच आहे. रिकाम्या पदाच्या जागी पडदा टांगला, तर मात्र ती भरती टाळण्याची पळवाट होईल.

दुसरा आक्षेप पालकांचा: आधीच पोरं मोबाइल सोडत नाहीत, त्यात शाळेनंही तोच लावायचा? ‘असर’ या ग्रामीण शिक्षण अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. पालकांची काळजी खोटी नाही. पण मुलाला फोनचा नाद शाळेमुळे लागत नाही. एकट्याने, न थांबता, एकामागून एक आपोआप लागणाऱ्या व्हिडिओंमुळे लागतो. वर्गात तीस जणांनी मिळून पाहिलेला आणि चार वेळा अडवलेला व्हिडिओ याच्या बरोबर उलट आहे.

पैशाचंही बोललं पाहिजे. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान मिळू शकतं. खडू, डागडुजी आणि वीजबिल भागवून त्यातून प्रोजेक्टरचा उडालेला दिवा कसा बदलणार? म्हणून पुढचा देणगीदार दारात आला, तर त्याला नवा संच मागू नये. जुन्याच्या दुरुस्तीचं तीन वर्षांचं बिल मागावं. फीत कापायला मिळणार नाही म्हणून तो परत जाईल, हा धोका आहेच.

आणि एक गाठ मला अजून सुटलेली दिसत नाही. या पट्ट्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं बरोबर जातात. फोन भट्टीवर पोचतो, उतरवलेले धडेही पोचतात, गुरुजी पोचत नाहीत. घरातली भाषा पुस्तकाच्या मराठीहून निराळी, त्यामुळे व्हिडिओतला शब्द अडला तर तो सोडवणारंही कुणी हवं. तिथे फोन असेल तो बहुधा पाचवी-सहावीतल्या थोरल्या बहिणीच्या हाती, धाकटी दोघं तिच्या दोन बाजूंना. कुठे थांबायचं, काय विचारायचं, आपल्या बोलीत कसं सांगायचं, हे तिला शाळेतच करून दाखवावं लागेल, दोन-चार धड्यांवर तिच्याकडून करून घ्यावं लागेल. आणि ते दिवाळीच्या आत, कारण त्यानंतर ती पाड्यावर नसते.