खोकल्याचे औषध आणि त्यातला पाक

खोकला हा घशात व श्वासनलिकेत साचलेला कफ, धूळ किंवा बाहेरून शिरलेला कण फेकून देणारा प्रतिक्षेप, म्हणजे इच्छेवाचून घडणारी संरक्षक क्रिया आहे, हे श्रोत्यांना शाळेपासून ठाऊक आहे. आणि कोरडा खोकला कोणता व ओला कोणता, हे सायन-पनवेल महामार्ग व तुर्भ्याचा औद्योगिक पट्टा यांच्या शेजारी राहणाऱ्या सानपाडेकरांना व्याख्यानातून शिकवण्याची गरज नाही. म्हणून ती पूर्वपीठिका बाजूला ठेवून थेट प्रतिपाद्याकडे वळावे हे बरे. ते असे, की खोकल्याचे औषध घेताना लोक औषधाची चौकशी करतात, पाकाची करत नाहीत; वास्तविक आरामाचा मोठा वाटा पाकातून येतो आणि आजवरचे मोठे घातही पाकातूनच झाले आहेत. पाक या शब्दाने येथे औषध ज्यात विरघळवतात किंवा कालवतात ते गोड, दाट माध्यम अभिप्रेत आहे, मग तो मध असो, साखर असो, ग्लिसरीन असो वा प्रॉपिलीन ग्लायकॉल असो.

घरोघरी असलेल्या सितोपलादी चूर्णाचेच प्रमाण पाहिले, तर खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2 आणि दालचिनी 1, म्हणजे एकूण 31 भागांपैकी निम्म्याहून अधिक साखर, आणि ते चाटायचे पुन्हा मधातून. (हशा) यात उपहासाचे काही नाही, कारण गोड पदार्थाने लाळ सुटते, घशावर लेप बसतो आणि खोकल्याची उबळ काही काळ शमते. कार्डिफ विद्यापीठातील रॉन एकल्स यांनी तर बाजारातील खोकल्याच्या औषधांचा बराचसा गुण मूळ द्रव्याचा नसून गोडव्याचा व विश्वासाचा असतो, असे मांडले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात 2007 साली 105 मुलांवर झालेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी काहींना मध, काहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकला दाबणारे औषध आणि काहींना काहीच दिले नाही, तेव्हा पालकांच्या नोंदींनुसार मध घेतलेल्यांची रात्र सर्वांत बरी गेली आणि ते औषध मात्र काहीच न देण्यापेक्षा लक्षणीय सरस ठरले नाही. सर्दीनंतरचा खोकला सरासरी 18 दिवस टिकतो, पण लोकांची अपेक्षा असते सात ते नऊ दिवसांची. त्यामुळे दहाव्या दिवशी डॉक्टर बदलला की अठराव्या दिवशीचे श्रेय दुसऱ्या डॉक्टरला मिळते. (हशा)

या विवेचनाने सभागृहातील काढ्याचे अभिमानी आणि औषधविक्रेते एकाच वेळी नाराज झाले असतील, तर विवेचन समतोल आहे असेच समजावे. आयुर्वेदाचा अनादर येथे अभिप्रेत नाही. उलट अडुळशाच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन निघाले आणि त्याच्यापासून आज सर्रास लिहून दिले जाणारे अँब्रोक्सॉल आले, तेव्हा वनौषधी निरुपयोगी आहेत असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. मात्र अडुळसा गुणकारी आहे एवढ्याने त्याच्या बाटलीतला पाक शुद्ध ठरत नाही.

पाकाच्या घाताचे उदाहरण दोन वाक्यांत आटोपण्याचा संकल्प होता, परंतु ते मुंबईचेच असल्याने आणि समोरच्या तरुण श्रोत्यांना ते बहुधा अपरिचित असल्याने विस्तार अपरिहार्य होतो. 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतील सूज व डोळ्यांतील दाब उतरवण्यासाठी तोंडावाटे ग्लिसरीन दिलेल्या 14 रुग्णांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. त्या ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक होते. ते चवीला गोड, दिसायला दाट व रंगहीन असल्याने जीभ आणि डोळा दोन्ही फसतात, आणि प्रयोगशाळेतील तपासणीवाचून ते ओळखता येत नाही. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने हा प्रश्न एका डब्यापुरता ठेवला नाही. खरेदी, तपासणी, परवाने आणि राजकीय हस्तक्षेप अशी सारी साखळी उघडी केली आणि अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. तो खोकल्याच्या औषधाचा प्रसंग नव्हता, ही हरकत रास्त आहे. परंतु 2022 साली गांबियात, त्याच वर्षअखेरीस उझबेकिस्तानात आणि 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात मुले दगावली, ती सर्दी-खोकल्याच्या पातळ औषधांतील याच विषाने. छिंदवाड्याची अनेक मुले उपचारांसाठी नागपूरला आणली गेली होती. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या औषधाच्या नमुन्यात, जेथे 0.1 टक्का ही मर्यादा आहे तेथे, 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. सक्रिय द्रव्ये नेहमीचीच होती; विष होते ते पाकात.

संयोजकांची चिठ्ठी आली असून पाचच मिनिटे उरली असल्याचे त्यात म्हटले आहे, तेव्हा वाफ, हळदीचे दूध आणि ओव्याची पुरचुंडी यांचे स्वतंत्र प्रकरण गाळावे लागते. (श्रोत्यांतून: ‘ज्येष्ठमध!’) ज्येष्ठमध शेजारच्या मसाला बाजारात हवे तेवढे मिळते, परंतु त्यातील ग्लिसिरायझिन शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी ते रोज चघळू नये, एवढेच येथे सांगता येईल. एक वर्षाखालील बालकाला मध मुळीच देऊ नये, कारण त्यातील जिवाणूबीजांपासून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा विकार होऊ शकतो. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितले आहे. आणि मोठ्यांनीही उत्पादक व तुकडी क्रमांक न वाचता, पावतीवाचून बाटली घेऊ नये.

पाकाची बाजू इतका वेळ मांडल्यावर त्याची मर्यादाही सांगितलीच पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन किंवा थुंकीतले रक्त यांपैकी काहीही असेल, तर कोणत्याही पाकाने घसा शांत होईल, पण क्षयरोग असल्यास तो तसाच वाढत राहील. अशा वेळी चमचा बाजूला ठेवून सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी, ती मोफत असते.